मालतीबाईंची जाळी

होटगी स्टेशनावर गंगाधर मोहोळकर नावाचा तारबाबू होता. सोलापूरहून दक्षिणेला निघालेल्या गाड्या होटगीला फुटतात, एक फाटा विजापूरकडे जातो, म्हणून गावाच्या मानानं स्टेशन मोठं. पण एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत तिथं काही नसे. ऊन, फलाटावरचे कडुनिंब आणि तारेच्या यंत्राची मधूनच होणारी कटकट. अशा मोकळ्या वेळी बाकीचे बाबू पत्ते कुटत, नाहीतर बाकावर आडवे होत. गंगाधर टेबलाचा खण अर्धवट उघडायचा, दोन्ही हात आत घालायचा आणि क्रोशा विणायचा.

खणातच, कारण तो उघड विणायला बसला असता तर ती बातमी दुसऱ्या दिवशी सोलापूरपासून गुलबर्ग्यापर्यंत तारेनंच गेली असती. रेल्वेच्या लोकांना दुसरा उद्योग काय!

ही विद्या त्याला अक्कलकोटच्या आत्यानं दिली होती. लहानपणी तिच्याकडे राहायला गेलेला असताना तो चिंचेवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हलायचं नाही म्हणून ताकीद मिळाली. अनसूयाआत्या विधवा, घरात एकटी. मिशनच्या मडमेकडून शेजारणी क्रोशा शिकल्या, शेजारणींकडून ती शिकली होती. पडून पडून पोर रडायला लागलं तशी तिनं त्याच्या हातात सुई दिली. आधी साखळी, मग मुका खांब हा बुटका टाका, मग खांब हा उंच टाका, मग गुलाबाचं फूल. हाड जुळेपर्यंत तिच्या देवघराला तोरण झालं. वडील मोहोळच्या देवळात पुजारी होते. ते न्यायला आले, तोरण कुणी केलं ते त्यांना कळलं, आणि त्यांनी सुई उचलून आडात टाकली.

"मुलगा ठेवला होता तुझ्याकडे," ते बहिणीला म्हणाले.

 निघताना आत्यानं दुसरी सुई गुपचूप त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली.

पुढं नोकरी लागली, लग्न झालं. मालती सोलापूरची, भवानी पेठेतली. बाप कचेरीत कारकून, त्यामुळं मुलगी मराठी सहावीपर्यंत शिकलेली आणि बोलायला चुरचुरीत. होटगीच्या क्वार्टरमध्ये संसार मांडून थोडे दिवस झाले असतील, तोच तिनं नवऱ्याला पकडलं. सुट्टीची दुपार होती. ती पाणी आणून परत आली तर दार आतून लावलेलं. कडी काढून गंगाधर दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या करंगळीला पांढरा दोरा गुंडाळलेला होता.

"अगबाई, तुम्ही?" ती म्हणाली आणि इतकी हसली की घागर खाली ठेवून तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. गंगाधरचे कान लाल झाले. पण हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "आणा बघू. कसं करतात ते दाखवा तरी."

त्यानं दाखवलं. तिनं पुढं त्यालाच ताटावरचे रुमाल करायला लावले, पोलक्याला लेस करून घेतली, दाराला तोरण लावलं. तोरण बघूनच एकदा स्टेशनमास्तरीणबाई आत आल्या. गंगाधर घरीच होता, सुई त्याच्या मांडीखाली दडपलेली.

"कुणी केलं गं हे?" बाईंनी विचारलं.

मालतीनं क्षणभर नवऱ्याकडे बघितलं. "मी," ती म्हणाली.

"मग मलाही शिकव की. आत्ताच एक टाका घालून दाखव."

"हात कणकेचे आहेत हो माझे," मालती म्हणाली आणि खरोखरच परातीत हात घालून बसली.

बाई गेल्यावर दोघंही पोट धरून हसली. "अब्रू वाचवली हं तुमची," मालती म्हणाली. ते खरंच होतं, आणि गंगाधरला तिचे उपकारच वाटले. तेव्हापासून ठरूनच गेलं. घरात जे विणलेलं दिसेल ते मालतीचं. पुन्हा कुणी टाका घालून दाखव म्हटलं तर पंचाईत नको म्हणून त्यानं तिला साखळी आणि खांब शिकवून ठेवले. तिचा हात जरा घट्ट चाले, पण चारचौघीत निभावण्याइतकं तिला येऊ लागलं.

इकडं खणात वेगळंच काहीतरी होत होतं. खणात हात घालून विणायचं म्हणजे न बघता विणायचं. आत्यानं शिकवलेली फुलं, मोर, कमळं टाके मोजून करावी लागतात. एक चुकला की पाकळी वाकडी. वर मान ठेवून, यंत्राकडे कान ठेवून ते जमेना. मग बोटांना जेवढं कळतं तेवढंच तो ठेवायला लागला. कुठं दाट, कुठं विरळ. एकदा मधे एक मोठी जागा मोकळीच राहून गेली. बाहेर काढून बघितलं तर चूक दिसली, उसवायला म्हणून त्यानं दोरा धरला आणि मग तसाच बसून राहिला. ती मोकळी जागाच त्या सगळ्या कामात चांगली होती. पुढं तो मुद्दाम जागा सोडू लागला. नुसती लांब साखळी टाकायची, तिच्याखाली काहीच नाही, आणि पलीकडे एकदम खांबांचा दाट पुंजका. खिडकीतून दिसणारा होटगीचा माळ तसाच होता. लांबवर काही नाही, आणि मधेच एक बाभळ.

गिरणीचं पांढरं सूत मात्र त्याला मऊ आणि गुळगुळीत वाटायला लागलं. रुळांच्या कडेनं बिरप्पा धनगर मेंढरं घेऊन जायचा. चालता चालता त्याच्या हातात चाती फिरत असे, आणि लोकरीचा धागा लांबत असे. कुणी त्याला हसत नव्हतं. एका दुपारी गंगाधर खाली उतरून त्याच्यापाशी गेला.

"बिरप्पा, जरा बारीक कातून देशील का? काळी लोकर."

"घोंगड्याला बारीक कशापायी, तारबाबू?"

"घोंगड्याला नाही." गंगाधरनं इकडंतिकडं बघितलं आणि खिशातून विणलेला तुकडा काढला.

बिरप्पानं तो तळव्यावर पसरला, मग उचलून आभाळाकडे धरला. "तुमी केलंसा?"

"व्हय," गंगाधर म्हणाला. ही गोष्ट बाहेरच्या माणसाजवळ त्यानं पहिल्यांदाच कबूल केली होती.

बिरप्पा हसला नाही. मोकळ्या जागेतून बोट घालून तो म्हणाला, "हितं भोक ठिवलंय ते लई बेस झालंय. वारं खेळंल की." आणि पुढच्या बाजाराला त्यानं काळ्या लोकरीचा बारीक कातलेला गुंडा आणून दिला.

ती लोकर खरखरीत होती, हाताला टोचायची, तिला मेंढराचा वास होता. पण पांढऱ्या सुताच्या पातळ साखळीशेजारी तिचा खांब बसला की दोन्ही उठून दिसत. गंगाधरच्या हाताला त्याचं स्वतःचं असं काही सापडलं ते तेव्हा. तसलं काम ना आत्यानं केलं होतं, ना कुठल्या मडमेच्या चित्रात होतं. मालतीला ते आधी मुळीच आवडलं नाही. "उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. पण ती रोज बघत होती, आणि बघता बघता तिला त्यातलं कळायला लागलं. काळं कुठं जास्त झालं, कुठं कमी पडलं, हे ती बिनचूक सांगायची. संध्याकाळी चहा घेताना दोघं एखाद्या तुकड्यावर वाद घालत. "टाके काय, कुणालाही घालता येतात," तो एकदा तिला म्हणाला होता, "कुठं घालायचे नाहीत ते कळलं पाहिजे." दोघांच्या संसारातले ते सगळ्यात चांगले दिवस.

मग त्यांना मुलगी झाली आणि पाळण्यातच तापानं गेली. मालती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. जेवायला उठवलं तर उठायची, पुन्हा पडायची. बोलणं तर संपलंच. गंगाधरनं तिला काही दिवस माहेरी भवानी पेठेत ठेवलं. जाताना थंडी होती म्हणून तिच्या खांद्यावर त्यानं नुकतीच पुरी केलेली काळी-पांढरी ओढणी टाकली.

माहेरच्या शेजारी एका वकिलांच्या पत्नी राहत. शहरातल्या स्त्रियांच्या एका मंडळाच्या त्या अध्यक्षीणबाई. तीस सालच्या मार्शल लॉच्या उन्हाळ्यात बंद पडलेलं मंडळ नुकतंच पुन्हा सुरू झालं होतं आणि बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरवायचं चाललं होतं. त्यांनी ओढणी बघितली, हातात घेतली आणि विचारलं, "हे कुठून आणलंत?"

"घरीच केलंय," मालती म्हणाली. त्यांचं ठरलेलंच होतं तसं.

प्रदर्शनात ओढणी मधोमध टांगली गेली. सोलापूरच्या बायकांनी पोपट, ताजमहाल, 'सुस्वागतम्' असं पुष्कळ विणून आणलं होतं. त्या सगळ्यांत ते खरखरीत, भोकाभोकांचं काम वेगळंच दिसलं. लोक त्याच्यापुढं थांबत. पहिला नंबर ओढणीला मिळाला. अध्यक्षीणबाईंनी त्याला नाव दिलं, 'मालतीबाईंची जाळी'.

मालती होटगीला परत आली ती बोलत बोलतच गाडीतून उतरली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कोण काय म्हणालं, कुणी किती वेळ बघितलं, सगळं तिनं सांगितलं. गंगाधर ऐकत राहिला. बायको परत मिळाली होती, आणि काम लोकांना आवडलं होतं. आणखी काय पाहिजे?

ती आता मंडळात शिकवायला जाऊ लागली. सकाळच्या पॅसेंजरनं सोलापूर, संध्याकाळी परत. गंगाधर खणात विणायचा, ती बायकांना दाखवायची. तिला टाके जेमतेम येत, पण समजावून सांगायला येत असे, आणि बायका तिचं ऐकत. होटगीच्या फलाटावरही तिच्या शिष्यिणी दिसू लागल्या. एकदा तारेच्या खिडकीखाली दोघी गाडीची वाट बघत उभ्या होत्या.

"बाई किती छान बोलल्या गं काल," एक म्हणाली. "म्हणाल्या, टाके कुणालाही घालता येतात, कुठं घालायचे नाहीत ते कळलं पाहिजे."

"त्यांना सुचतं तरी कसं!" दुसरी म्हणाली.

खिडकीच्या आत गंगाधरला आधी बरंच वाटलं. मग त्यानं ते वाक्य मनाशी म्हणून बघितलं, तर ते आपण मालतीकडून उसनं घेतल्यासारखं वाटायला लागलं. घरी गेल्यावर तो याबद्दल काही बोलला नाही. काय बोलायचं? खोटं दोघांचं होतं, आणि सुरुवातीला ते त्याच्यासाठीच बोललं गेलं होतं.

पण त्यानंतर त्यानं एक काम फक्त आपलं म्हणून करायला घेतलं. अनसूयाआत्या आता थकली होती. तिला पांघरूण करायचं. लोकरीचं, म्हणजे सोवळ्यातही चालेल. बिरप्पानं त्याच्यासाठी त्या वर्षाची सगळ्यात चांगली लोकर बाजूला काढली. वर्षभर गंगाधर त्यावरच होता. मधे मोठा मोकळा माळ ठेवला, चारी कडांनी काळे दाट पुंजके, आणि कडा सरळ न ठेवता जमीन जशी जाईल तशा वळू दिल्या. इतकी मोकळी जागा धरून ठेवणं त्याला आधी कधी जमलं नव्हतं. अर्ध्यावर ते दोनदा लोंबलं, दोनदा त्यानं उसवलं.

"हे मंडळात न्यायचं नाही," त्यानं मालतीला सांगितलं. "हे मी आत्याला नेऊन देणार. मी केलंय म्हणून सांगणार."

"द्या की," मालती म्हणाली. "तुमचंच आहे ते." पूर्ण झाल्यावर तिनंच ते घडी घालून ट्रंकेत ठेवलं, वर कडुनिंबाचा पाला घातला.

अक्कलकोटला जायची रजा मिळायच्या आधी त्याला दुधनीला बदली म्हणून पाठवलं, तिथला तारबाबू आजारी पडला होता. तिथून परतल्यावर त्यानं सगळ्यात आधी ट्रंक उघडली. पाला होता, पांघरूण नव्हतं.

मालती स्वयंपाकघरात होती. "सांगणारच होते," ती म्हणाली. "मंडळात एका संस्थानच्या राणीसाहेब आल्या होत्या. जाळीचं एवढं ऐकून आलेल्या. त्यांना काहीतरी द्यायचं होतं, आणि माझ्याजवळ काहीच नव्हतं हो! सगळ्या माझ्याकडे बघत होत्या."

"आत्याचं होतं ते."

"आत्यांना दुसरं करा. तुम्हाला काय, तुम्ही करताच."

"मालती, मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. "पण ट्रंकेतच ठेवणार होतात ना? आत्यांना आता दिसतंय तरी कुठं? तिथं राणीसाहेबांनी सगळ्यांसमोर अंगावर घेतलं ते. तुमचं काम अशा ठिकाणी पोचलं, याचं तुम्हाला काही नाही?"

"माझं काम म्हणून पोचलं का?"

 भाजी करपायला लागली तशी उठून तिनं तवली खाली उतरवली.

त्याच महिन्यात अनसूयाआत्या गेली. बातमी अक्कलकोट रोड स्टेशनावरून तारेनं आली, आणि यंत्राजवळ गंगाधरच होता. दुसऱ्या कुणाची तार उतरवून घ्यावी तशी त्यानं ती उतरवून घेतली, पावती दिली आणि मग मालधक्क्याच्या सिद्धलिंगप्पाला बोलावून म्हणाला, "जरा बस इथं. मला बाहेर जायचंय."

हा सिद्धलिंगप्पा मालधक्क्यावरचा बाबू, अक्कलकोटकडचाच, मराठी बोलता बोलता कानडीत घसरणारा. तंबाखू शोधताना त्यानं एकदा गंगाधरचा खण ओढला होता, तेव्हापासून त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याच्या सुतकात तो रोज येऊन बसायचा. पांघरुणाची हकीकत ऐकून एवढंच म्हणाला, "चूक झाली की हो वहिनींची. मोठी चूक."

मालतीलाही ते कळलं असावं. काही दिवस ती नवऱ्याच्या मागंमागं होती, आवडीचं करून घालायची. मग मंडळानं तिचा सत्कार ठरवला. सगळ्यांचे यजमान येणार होते.

"मी येत नाही," गंगाधर म्हणाला.

मालती त्याच्यासमोर येऊन बसली. "या तुम्ही. तुम्ही नाही आलात तर मला उभं राहवणार नाही. आणि..." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी तिथं सांगेन. सगळं नाही जमायचं एकदम. पण तुमचा हात आहे यात, एवढं तरी नक्की सांगेन. देवाशपथ."

गंगाधरनं तिच्याकडं बघितलं. ती खरं बोलत होती. त्या घडीला तरी खरंच बोलत होती. त्यानं धुतलेला कोट घातला. सिद्धलिंगप्पाला सोलापुरात काम होतं, तोही बरोबर निघाला.

वकिलांच्या घराच्या चौकात बैठक होती. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मधल्या खांबाला राणीसाहेबांनी पाठवलेला हार. अध्यक्षीणबाई बोलल्या, मग मालती उठली. तिनं आईचे आभार मानले, अध्यक्षीणबाईंचे मानले, सोलापूरच्या सुताचे आणि होटगीच्या मेंढरांचेही मानले. बायका हसल्या. गंगाधर मांडी बदलून बसला. आता, त्याला वाटलं. मालतीनं त्याच्याकडे बघितलंही. मग तिनं हात जोडले आणि ती खाली बसली.

टाळ्या थांबल्या तशा अध्यक्षीणबाई पुरुषांकडे वळून म्हणाल्या, "मोहोळकर, तुम्ही भाग्यवान हो. इतकी गुणी बायको."

गंगाधर काही म्हणायच्या आत सिद्धलिंगप्पा बोलून गेला. त्याला राहवलं नाही. "अहो बाई, हेच विणतात की! आमचे तारबाबूच विणतात. मी पाहिलंय. हौदो अल्लो, तारबाबू? खरं की नाही?"

 कुणीतरी फस्सकन हसलं. वकीलसाहेब पुढं वाकून गंगाधरच्या हातांकडे बघायला लागले. सगळ्या बायका मालतीकडे बघत होत्या.

मालती हसली. मोकळं, खळखळून, अगदी पहिल्या दिवशी उंबऱ्यावर बसून हसली होती तसं. "ह्यांना?" ती म्हणाली. "अहो, ह्यांना सुईत दोरा ओवता येत नाही! सदऱ्याचं बटण तुटलं तर मी लावते. परवा पायजम्याची नाडी घालायला दिली तर नाडी आत हरवून बसले होते!"

सगळा चौक हसला. सिद्धलिंगप्पाचं तोंड उघडंच राहिलं. हशा थांबत नव्हता, आणि त्या हशात मालती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हो की नाही हो? सांगा ना."

गंगाधरला तिचे डोळे दिसले. ते हसत नव्हते. भ्यालेले होते.

"हो," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत सिद्धलिंगप्पा दुसऱ्या डब्यात बसला. मालतीनं हार मांडीवर धरला होता. टिकेकरवाडी स्टेशन मागं पडलं. मग ती हळूच म्हणाली, "मी काय करणार होते तेव्हा? आणि तुम्हीही हो म्हणालात."

"तू विचारलंस," गंगाधर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खणातली लोकर, सूत, अर्धवट तुकडे, सगळं एका फडक्यात बांधून तिच्यासमोर ठेवलं. "मंडळाला लागेल," म्हणाला. सुईही त्यातच होती. तिला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. पण महिने गेले. नवीन नमुना हवा म्हणून ती रडली, चिडली, एकदा त्याच्या पाया पडायला आली. "तू विण," तो म्हणायचा. त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि त्यामुळं तिला काही करता येईना.

तिनं विणलं. टाके आता तिला चांगले येत होते. पण मोकळी जागा सोडायची वेळ आली की तिचा हात घाबरे आणि ती जागा भरून काढी. मग तिनं जुन्या कामांवरूनच नमुने बसवले, कुठं किती साखळ्या, कुठं किती खांब, ते ठरवून टाकलं, आणि बायकांना तेच शिकवलं. बायकांना ते सोपं गेलं. जाळी शहरभर झाली. पडद्यांना, उशांना, ताटांवर. कुणाला काही कमी वाटलं नाही. मालतीला वाटत असावं. रात्री जेवताना ती कधी कधी समोरच्या भिंतीकडं बघत बसायची. ती दोघं भाजीत मीठ कमी आहे, पाणी भरून ठेवलं आहे, एवढंच बोलत.

आणखी काही वर्षं गेली. बिरप्पा एकदा खिडकीशी आला. "लोकर बंद केलीसा?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एक गुंडा खिडकीच्या फळीवर ठेवून निघून गेला. तो गुंडा पुष्कळ दिवस तिथंच पडून होता. मग एका दुपारी, बाजारातून नवी सुई आणून, गंगाधर फलाटावरच्या बाकावर बसला आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत विणायला लागला. आता लपवून कुणाची अब्रू वाचणार होती?

हमाल जमले. पोर्टर हसले. दोन-चार दिवस गंमत झाली, मग ती शिळी झाली. स्टेशनमास्तर म्हणाले, "मालतीबाईंनी तुम्हालाही नाद लावला म्हणायचा!" सगळ्यांना हे पटलं. एवढ्या मोठ्या बाई, त्यांचं बघून नवराही थोडं शिकला. गंगाधरनं कुणाला दुरुस्त केलं नाही. उघड्यावरही तो हातांकडं बघत नसे, माळाकडं बघत असे.

एकदा कमलम्मा नावाची एक बाई विजापूरच्या माहेराहून सोलापूरला परत निघाली होती. होटगीला गाडी बदलायची होती, आणि सोलापूरच्या गाडीला उशीर होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती बराच वेळ त्याच्या हातांकडं बघत राहिली.

"मालतीबाईंची जाळी ना ही?" तिनं विचारलं. "मीही त्यांच्या वर्गात जाते. तुम्ही कुणाकडं शिकलात?"

"घरीच."

"छान येते. पण इथं चुकलंय बघा." तिनं नम्रपणे बोट ठेवलं. "या मोकळ्या जागेच्या कडेला बाईंच्या जाळीत एक खांब येतो. तुमचा राहिलाय."

गंगाधरनं काम खाली ठेवलं. "नाही," तो म्हणाला. "तिथं खांब नसतो."

कमलम्माला ते आवडलं नाही. पुरुष माणूस, चार टाके शिकून बाईंच्या शिष्यिणीला सांगतो! "मी बाईंनाच विचारते," ती म्हणाली.

"विचारा."

गाडी आली, ती गेली. पुढच्या आठवड्यात मालती मंडळातून परतली तेव्हा नेहमीपेक्षा गप्प होती. तिनं पानं घेतली, भात वाढला.

"आज कमलम्मानं वर्गात एक विचारलं," ती म्हणाली. "होटगीच्या फलाटावर कुणी गृहस्थ भेटले होते म्हणे. म्हणत होती, त्या कडेला खांब असतो की नसतो?"

गंगाधरचा घास हातातच राहिला. "मग काय सांगितलंस?"

"नसतो म्हटलं. माझ्याकडून शिकवताना चुकलं होतं, असं सांगितलं सगळ्यांना."

ते गृहस्थ कोण हेही तिनं सांगितलं का, ते ऐकायला तो थांबला. तिनं भातावर वरण वाढलं, तूप वाढलं, तुपाची वाटी झाकून ठेवली. तिच्या ओठांवर काहीतरी आल्यासारखं त्याला वाटलं, पण ती खाली बघत होती, आणि दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"ताक घेणार ना?" तिनं विचारलं.

गंगाधरनं भात कालवला. "घाल थोडं," तो म्हणाला.